फील्डला नाव देताना: जेसन, यॅमल, सीएसव्ही आणि बाकी मंडळींसाठी

नवीन एपीआय (म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी डेटा देवाणघेवाण करायची ठरलेली पद्धत) सुरू करायचा म्हटलं की पहिल्याच मीटिंगमध्ये एक विषय हमखास तासभर चालतो, डेटातल्या फील्डांची नावं लिहायला स्नेक केस घ्यायची का कॅमल केस (दोन्ही काय ते खाली येतंच). अशा बऱ्याच मीटिंगांत मी बसलोय आणि आता माझं मत पक्कं झालंय की तो तास चुकीच्या ठिकाणी जातो. केस नंतर मशीनकडून बदलून घेता येते, रस्टमध्ये सर्डे लायब्ररीला एक ॲट्रिब्यूट लावा, जावात जॅक्सन लायब्ररीला एक सेटिंग द्या, डॉटनेट ८ पासून तर तिथल्या जेसन (डेटा मजकुरात लिहायचा फॉरमॅट) लायब्ररीत स्नेक केसची पॉलिसी आयतीच मिळते. पण "अमाउंट" म्हणजे टॅक्स धरून का सोडून, हे कुठलीच लायब्ररी तुम्हाला बदलून देणार नाही. त्यामुळे खाली केसचा विषय आधी उरकून टाकतो आणि मग खऱ्या कामाकडे येतो.

केस कशी ठरवायची

पहिली गोष्ट, स्टँडर्डमध्ये उत्तर शोधू नका, तिथे ते नाहीच. जेसनचं सध्याचं स्टँडर्ड म्हणजे २०१७ चं आरएफसी ८२५९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), त्यात फील्डचं नाव म्हणजे कुठलीही स्ट्रिंग एवढंच आहे. एका ऑब्जेक्टमध्ये तेच नाव दोनदा येऊ नये असं ते सुचवतं, आणि आलंच तर वाचणारा प्रोग्राम काय करेल याचा भरवसा नाही असंही सांगतं, कुणी शेवटची व्हॅल्यू धरतं, कुणी एरर देतं. बाकी नाव लहान अक्षरात का मोठ्या, मध्ये अंडरस्कोर का नाही, सगळं तुमच्यावर.

मग ठरवायचं कशावरून? पलीकडे कोण वाचणार आहे त्यावरून. वाचणारा मुख्यतः ब्राउझरमधला जावास्क्रिप्ट कोड असेल तर कॅमल केस, म्हणजे शब्द चिकटवून लिहायचे आणि दुसऱ्या शब्दापासून पहिलं अक्षर कॅपिटल. डेटा पायथन, रुबी किंवा थेट डेटाबेसच्या टेबलांत जाणार असेल तर स्नेक केस, म्हणजे सगळी अक्षरं लहान आणि मध्ये अंडरस्कोर, जसं युजर_आयडी. गिटहबचा रेस्ट एपीआय आणि स्ट्राइपचा एपीआय स्नेक केसमध्ये आहेत, कुबरनेटीस (सर्व्हरवरचे प्रोग्राम सांभाळणारी सिस्टिम) कॅमल केसमध्ये आहे, आणि तिन्ही जगभर सुखाने वापरले जातात, म्हणजे दोन्हीपैकी काहीही चालतं हे सिद्धच आहे. आणि तुमच्याकडे आधीपासून काहीतरी चालू असेल तर तेच पुढे चालवा, तुम्हाला ते आवडत नसलं तरी. अर्धी फील्डं एका पद्धतीत आणि अर्धी दुसऱ्या, हे दोन्हीपेक्षा वाईट, कारण मग वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी डॉक्युमेंटेशन उघडून बघावं लागतं.

हायफनवाली केबाब केस मात्र जेसनमध्ये घेऊ नका. जावास्क्रिप्टमध्ये डॉट लावून युजर-आयडी लिहिलं तर ती वजाबाकी होते, जेसन चाळायच्या जेक्यू या टूलमध्येही तसंच, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी कंस आणि कोट लावत बसावं लागतं. एक्सएमएलमध्ये हायफन चालतो, कमांड लाइनच्या ऑप्शनमध्ये चालतो, तिथे खुशाल वापरा.

डेटाबेसच्या कॉलमला मात्र स्नेक केसच घ्या, इथे मी ठाम आहे. पोस्टग्रेस कोटशिवाय लिहिलेलं नाव सगळं लहान अक्षरात करून टाकतं, ओरॅकल उलट सगळं कॅपिटल करतं, म्हणजे तुम्ही हौसेने कॅमल केसमध्ये नाव दिलं की एकतर आयुष्यभर कोट लावायचे किंवा शब्दांमधली सीमा हरवून बसायची. अंडरस्कोर दोन्हीकडे टिकतो. शिवाय पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइट्स, त्यापुढचं कापलं जातं, तेव्हा लांबीवरही लक्ष ठेवा. आणि ऑर्डर, युजर, ग्रुप ही नावं टेबलाला देऊ नका, ते एसक्यूएलचे राखीव शब्द आहेत.

मशीन केस बदलते, पण कुठे अडते

वर म्हटलं की केस बदलणं मशीनचं काम आहे, ते खरं, पण नाव तसं बदलता येईल असं असेल तरच. चार ठिकाणी ते अडतं.

एक, शॉर्टफॉर्म. ब्राउझरमधला जुना एक्सएमएल एचटीटीपी रिक्वेस्ट ऑब्जेक्ट आठवा, त्याच्या नावात एक्सएमएल पूर्ण कॅपिटल आणि लगेच पुढच्या एचटीटीपीचा फक्त एच कॅपिटल. एकाच नावात दोन नियम. असं नाव स्नेक केसमध्ये नेताना कन्व्हर्टरने शब्द कुठे तोडायचा? म्हणून नियम करा की शॉर्टफॉर्म हा साधा शब्दच समजायचा, यूआरएलचा फक्त यू कॅपिटल, आयडीचा फक्त आय कॅपिटल, अपवाद नाही.

दुसरं, आकडे. ॲड्रेस_लाइन_१ कॅमल केसमध्ये गेलं की आकड्याला कॅपिटल करता येत नाही, त्यामुळे परत येताना बऱ्याचदा ते ॲड्रेस_लाइन१ होऊन येतं, मधला अंडरस्कोर गायब. आकड्याच्या आधी अंडरस्कोर ठेवूच नका, किंवा अजून बरं म्हणजे ओळींचा ॲरे करा.

तिसरं, भाषेची सेटिंग. तुर्की लोकेलमध्ये कॅपिटल आयचं लहान अक्षर बिनटिंबाचं आय असतं, म्हणजे तुर्की सेटिंगच्या मशीनवर जावाचं साधं लहान-अक्षर फंक्शन "आयडी" या नावाचं भलतंच काहीतरी करून ठेवतं आणि तुमच्या मशीनवर मात्र सगळं नीट चालतं. नावं बदलताना लोकेल-न्यूट्रल फंक्शनच वापरा.

चौथं सगळ्यात छुपं. बऱ्याच टीम एक मिडलवेअर (येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाच्या वाटेत बसणारा कोड) लावतात जे आत शिरून शिरून सगळ्या कीज, म्हणजे फील्डची नावं, बदलतं. पण काही ऑब्जेक्टमध्ये की हे नाव नसून डेटा असतो, म्हणजे समजा तुम्ही प्रॉडक्ट कोडनुसार स्टॉक पाठवताय आणि कोड हीच की आहे, तर ते मिडलवेअर तुमचे प्रॉडक्ट कोडच बदलून टाकतं. एरर येत नाही, फक्त पलीकडे कोड जुळत नाहीत. मी हा बग शोधण्यात पूर्ण दोन दिवस घालवलेत. त्यावर उपाय, डेटा कीच्या जागी ठेवू नका, ऑब्जेक्टचा ॲरे करा आणि कोडला त्याचं स्वतःचं फील्ड द्या. यात अजून एक फायदा, बाहेरून आलेली की जशीच्या तशी जावास्क्रिप्ट ऑब्जेक्टमध्ये भरली आणि कुणी मुद्दाम दोन अंडरस्कोर, प्रोटो, परत दोन अंडरस्कोर अशी की पाठवली तर जो सिक्युरिटीचा घोळ होतो तोही टळतो.

आणि फक्त अक्षर लहानमोठं असल्याने वेगळी ठरणारी दोन फील्डं एका ऑब्जेक्टमध्ये कधीच ठेवू नका, गो या भाषेची नेहमीची जेसन लायब्ररी वाचताना नाव तंतोतंत नाही जुळलं तर लहानमोठं न बघताही जुळवते.

आता खरं काम: नावात अर्थ बसवणं

एककापासून सुरुवात करा. कुठल्याही आकड्याला एकक असेल तर ते नावात लिहा. टाइमआउट नाही, टाइमआउट_एमएस. साइज नाही, साइज_बाइट्स. डिस्टन्स नाही, डिस्टन्स_मीटर्स. एका प्रोजेक्टमध्ये बाहेरून येणाऱ्या फीडमध्ये "ड्युरेशन" नावाचं फील्ड होतं, आम्ही ते सेकंद धरून रिपोर्ट काढत होतो आणि ती होती मिनिटं, आकडे दिसायला बरे दिसत होते म्हणून कुणाला शंकाच आली नाही, शेवटी एकाने एक रेकॉर्ड हाताने तपासलं तेव्हा कळलं. नावात तेवढा एक शब्द असता तर हे झालंच नसतं. यापेक्षा फार मोठं उदाहरण म्हणजे १९९९ मधलं नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर, जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स-सेकंदात आकडे देत होतं आणि पुढचं सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंद समजत होतं, यान मंगळापाशी पोचलं आणि गेलं. एकक स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं होतं, पण आकड्यासोबत ते चाललं नाही. नावात लिहिलेलं एकक आकड्याबरोबर सगळीकडे जातं, लॉगमध्ये, डॅशबोर्डवर, कुणीतरी चॅटवर चिकटवलेल्या तुकड्यातसुद्धा. सिस्टिमवर नजर ठेवायच्या प्रोमिथियस या टूलवाल्यांनी म्हणूनच मेट्रिकच्या (मोजलेल्या आकड्याच्या) नावाच्या शेवटी सेकंड्स, बाइट्स असं मूळ एकक लावायची पद्धत ठेवलीय.

वेळेचं दुखणं वेगळंच. युनिक्स टाइम सेकंदात असतो, जावास्क्रिप्टमधला आत्ताचा टाइम मिलिसेकंदात, आणि जेडब्ल्यूटी टोकनमधलं (लॉगिनची ओळख पटवणाऱ्या डिजिटल पासातलं) "ईएक्सपी", म्हणजे पास संपायची वेळ, हे सेकंदात. जावास्क्रिप्टचा आत्ताचा टाइम आणि ईएक्सपी थेट कंपेअर केले की टोकन कायम एक्स्पायर झालेलंच दिसतं. शक्य असेल तिथे आकडा पाठवूच नका, आरएफसी ३३३९ च्या पद्धतीची स्ट्रिंग पाठवा, वर्ष-महिना-दिवस, मग टी, मग वेळ, शेवटी झेड (म्हणजे यूटीसी वेळ) किंवा यूटीसीपासूनचा फरक. आणि नावातून फरक दाखवा: नेमका क्षण असेल तर शेवटी _ॲट, जसं क्रिएटेड_ॲट, आणि नुसती तारीख असेल तर _डेट, जसं बर्थ_डेट. जन्मतारखेला कुणी वेळ आणि टाइमझोन लावला की ती पलीकडच्या टाइमझोनमध्ये एक दिवस मागे सरकते, नाव बरोबर असेल तर निदान कोड लिहिणारा थबकतो तरी.

आयडीबद्दल, नुसतं "आयडी" हे फक्त त्या ऑब्जेक्टच्या स्वतःच्या ओळखीसाठी ठेवा, दुसऱ्या कशाचा आयडी असेल तर कस्टमर_आयडी असं पूर्ण लिहा. "कस्टमर" या नावाखाली कधी आकडा आणि कधी अख्खा ऑब्जेक्ट असं करू नका. आणि आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवा. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक सुरक्षित राहतात, त्यापुढे शेवटचे आकडे बदलू शकतात. ट्विटरला २०१० मध्ये हेच भोवलं, आयडी मोठे झाले तेव्हा जुन्या "आयडी"च्या शेजारी "आयडी_एसटीआर" नावाचं दुसरं फील्ड त्यांना ठेवावं लागलं. आयडीवर आपण बेरीज-वजाबाकी करत नाही, मग तो आकडा असायचं कारणच काय.

हो-नाहीवाली फील्डं नेहमी होकारी ठेवा. इज_ॲक्टिव्ह ठीक, पण नॉट_डिसेबल्ड = फॉल्स वाचताना डोकं दोनदा फिरतं. आणि बुलियन करण्याआधी एक मिनिट थांबून विचार करा की यात तिसरी स्थिती कधी येईल का. इज_पेड ठेवलंत आणि उद्या अर्धवट पेमेंट आलं, परवा रिफंड आला, की इज_पेड, इज_पार्शली_पेड, इज_रिफंडेड अशी रांग लागते आणि त्यातल्या दोन एकदम ट्रू आल्या तर काय समजायचं ते कुणालाच माहीत नसतं. तिथे पहिल्यापासून पेमेंट_स्टेटस ठेवा आणि व्हॅल्यू शब्दांत द्या, १-२-३ अशा कोडमध्ये नाही.

ॲरेला अनेकवचनी नाव, एका गोष्टीला एकवचनी, यावर जास्त बोलायची गरज नाही. "डेटा", "इन्फो", "व्हॅल्यू", "टाइप" असली नावं दिसली की मात्र थांबा, त्यांच्या मागे काहीतरी न ठरवलेलं असतं. टाइप कशाचा? अकाउंट_टाइप लिहा. शिवाय टाइप, क्लास, फ्रॉम हे बऱ्याच भाषांत राखीव शब्द आहेत, म्हणजे वापरणाऱ्याला तिथेही नाव बदलून घ्यावं लागतं.

नावं छोटी करून बाइट्स वाचवायचा मोह टाळा. जेडब्ल्यूटीत तीन अक्षरी नावं आहेत कारण टोकन प्रत्येक रिक्वेस्टच्या हेडरमध्ये बसवायचं असतं, तिथे ते पटतं. तुमचा रिस्पॉन्स जीझिपने आकसून जात असेल तर हजारदा आलेलं तेच नाव जवळपास फुकटात जातं.

फॉरमॅटप्रमाणे येणारे खड्डे

यॅमल हा सेटिंगच्या फाइलींसाठी वापरला जाणारा फॉरमॅट, त्यातला सगळ्यात प्रसिद्ध खड्डा नॉर्वेचा. नॉर्वेचा देश-कोड एनओ, म्हणजे इंग्रजी "नो" या शब्दाचीच अक्षरं, आणि यॅमल १.१ प्रमाणे कोटशिवाय लिहिलेलं नो म्हणजे फॉल्स, त्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेच्या जागी फॉल्स येतं. येस, ऑन, ऑफ यांचंही तेच. २००९ च्या १.२ व्हर्जनमध्ये हे काढलं, पण पायथनची पायॅमल लायब्ररी अजून १.१ च्याच नियमाने चालते. आणि हे कीलाही लागू आहे, गिटहब ॲक्शन्सच्या फाइलमधली "ऑन" ही की पायॅमलने वाचली तर ती ट्रू होऊन बसते. म्हणून यॅमलमध्ये हे शब्द कीचं नाव म्हणून घेऊ नका आणि व्हॅल्यू असतील तर कोट लावा.

सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली फाइल) पहिल्या कॉलमचं नाव कॅपिटलमध्ये आयडी ठेवू नका. फाइलची पहिली दोन अक्षरं ती असली की एक्सेलला वाटतं ही सिल्क नावाच्या जुन्या फॉरमॅटची फाइल आहे, आणि तो उघडताना तक्रार करतो. लहान अक्षरात लिहा, प्रश्न मिटला. एक्सेलची दुसरी सवय म्हणजे तारखेसारखं काही दिसलं की त्याची तारीख करणं. माणसाच्या जीन्सना नावं देणाऱ्या कमिटीला शेवटी २०२० मध्ये नियम जाहीर करावा लागला की एक्सेलमध्ये तारीख बनणारी नावं बदलायची, मार्च१ चं मार्चएफ१ झालं, सेप्ट१ चं सेप्टिन१ झालं. तुमचा डेटा कुणीतरी कधीतरी एक्सेलमध्ये उघडणारच आहे हे धरून चाला, कोड आणि एनम व्हॅल्यू (ठरलेल्या यादीतल्या व्हॅल्यू) निवडताना महिन्याच्या नावासारखं काही नको.

एक्सएमएलमध्ये एलिमेंटचं नाव आकड्याने, हायफनने किंवा टिंबाने सुरू करता येत नाही, एक्सएमएल या अक्षरांनी सुरू होणारी नावं राखीव आहेत आणि कोलन नेमस्पेससाठी सोडून द्यायचा. टॉमलमध्ये (सेटिंगच्या फाइलींचा आणखी एक फॉरमॅट) कोटशिवायच्या कीमध्ये डॉट टाकला की ती आतली की होते, इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनमध्येही डॉट म्हणजे आतला ऑब्जेक्ट. थोडक्यात नावात डॉट कुठेच नको. सुरुवातीला डॉलर किंवा ॲटचं चिन्हही नको, जेसन स्कीमा, मोंगोडीबी आणि जेसन-एलडी यांनी ती जागा आधीच घेतलीय.

प्रोटोबफ (डेटा बायनरीत पाठवायचा फॉरमॅट) याची गंमत अशी की तिथे प्रत्यक्ष पाठवलेल्या डेटात नाव जातच नाही, फील्डचा नंबर जातो. फाइलमध्ये नाव स्नेक केसमध्ये लिहायचं आणि जेसनमध्ये ते आपोआप कॅमल केस होतं. त्यामुळे लोकांना वाटतं नाव कधीही बदला, काही फरक पडत नाही. बायनरीत खरंच पडत नाही, पण कुणी तेच जेसनमध्ये वापरत असेल तर त्याचं मोडतं. फील्ड काढलंत तर त्याचा नंबर आणि नाव दोन्ही रिझर्व्ह करून ठेवा, नाहीतर वर्षभराने नवीन माणूस तोच नंबर दुसऱ्या कामाला वापरेल. एनममध्ये शून्य नंबरची व्हॅल्यू "अनस्पेसिफाइड" ठेवा, कारण फील्ड आलंच नाही तर शून्यच दिसतं.

आणि एक प्रश्न मराठी डेव्हलपर कधीकधी विचारतात, फील्डची नावं देवनागरीत ठेवली तर? जेसनमध्ये चालतात, पण ऱ्य सारखं जोडाक्षर दोन तऱ्हेने टाइप होतं, एकात नुक्तावाला ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, आणि युनिकोड नॉर्मलायझेशननेही ते एक होत नाहीत. म्हणजे कीबोर्ड बदलला की "दुसऱ्या" ही की सापडेनाशी होते. व्हॅल्यूमध्ये आपली भाषा भरभरून वापरा, दाखवायची लेबलं मराठीत ठेवा, पण की साध्या रोमन अक्षरांतच बऱ्या.

नाव बाहेर गेल्यावर

एचटीटीपीमधलं रेफरर हेडर १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये स्पेलिंगमधला एक आर गाळून छापलं गेलं आणि आजही ते तसंच पाठवावं लागतं, नंतर आलेल्या रेफरर-पॉलिसी हेडरमध्ये स्पेलिंग बरोबर आहे, त्यामुळे दोन्ही स्पेलिंगं शेजारी शेजारी नांदतात. तेव्हा नाव पब्लिश करण्याआधी डिक्शनरी उघडून स्पेलिंग बघाच. तसंच प्रायोगिक आहे म्हणून नावापुढे एक्स- किंवा टेम्प_ लावू नका, ती नावं कायमची होतात, २०१२ च्या आरएफसी ६६४८ ने एक्स- लावायची पद्धत याच कारणाने थांबवायला सांगितली.

तरी बदलायची वेळ आलीच तर क्रम असा. आधी नवीन नावाचं फील्ड जोडा आणि रिस्पॉन्समध्ये दोन्ही पाठवा. रिक्वेस्टमध्ये दोन्ही स्वीकारा, आणि दोन्ही आली व व्हॅल्यू वेगळ्या असल्या तर गुपचूप एक निवडू नका, सरळ एरर द्या. मग जुनं नाव कोण पाठवतंय ते लॉगमधून मोजा, त्या लोकांना कळवा, आणि मोजणी शून्यावर आल्यावरच काढा. काढायची तारीख आधी जाहीर करून नंतर मोजायला बसणं म्हणजे उलटा प्रकार, त्यात कुणाचं तरी प्रॉडक्शन मोडतंच.

हे सगळं टीममध्ये टिकवायचं तर एक पानभर शब्दसूची रिपॉझिटरीतच ठेवा, त्यात फक्त कुठल्या गोष्टीला काय म्हणायचं एवढंच: कस्टमर म्हणायचं, क्लायंट किंवा युजर नाही, कॅन्सल्डमध्ये एल एक का दोन, अमाउंट म्हणजे टॅक्स धरून. केस तपासायचं काम लिंटरला (नियम आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामला) द्या, ओपनएपीआय या एपीआय-वर्णनाच्या फॉरमॅटसाठी स्पेक्ट्रल आहे, प्रोटोबफसाठी बफचं लिंट आहे, म्हणजे रिव्ह्यूमध्ये माणसांनी अंडरस्कोरवर बोलायला नको. आणि पब्लिश करण्याच्या आदल्या दिवशी एक खरा रिस्पॉन्स, डॉक्युमेंटेशनशिवाय, त्या प्रोजेक्टवर नसलेल्या कुणाला तरी द्या आणि प्रत्येक फील्डमध्ये काय आहे ते त्यांना सांगू द्या, मध्ये बोलू नका. ते जिथे अडतील किंवा चुकीचं सांगतील ती नावं त्याच संध्याकाळी बदला.